भोंग्यानंतरची शाळा



राजपुत्रांच्या शिक्षणाची हकीकत बखरींतून सापडते. कोणी तलवार शिकवली, कोणी राजनीती सांगितली, घोड्यावर कोणत्या वर्षी बसले, हे सारे तेथे असते. परंतु ज्याच्या हातात बाराव्या वर्षी नांगराचे रुमणे आले किंवा गिरणीतल्या कांड्या आल्या, त्या पोराचे बारा ते अठरा या वयातले शिक्षण कसे झाले, याची बखर कोणी लिहिली नाही. ती शोधायची असेल तर शिक्षणखात्याचे दप्तर पुरत नाही, कारखान्यांच्या कायद्यांचेही दप्तर उघडावे लागते. गरिबाच्या पोराला गुरू मिळण्याआधी वेळ मिळावा लागला, आणि तो वेळ कोणी आपण होऊन दिला नाही. माझ्या आजच्या विषयाचे सार एवढेच आहे. बाकीचा तपशील आहे, पण खरी गोडी तपशिलातच असते.

सुरुवात आपल्या आंदर मावळापासून करू. आंध्रा ही सह्याद्रीच्या माथ्याशी उगवणारी नदी. तिचा स्वभाव पूर्वेकडे वाहण्याचा. ती इंद्रायणीला मिळावी, इंद्रायणीने भीमेला आणि भीमेने कृष्णेला न्यावे, असा तिचा पूर्वापार रस्ता. १९१६ साली टाटांनी 'आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी' काढली. (परगावच्या माणसाला हे नाव ऐकून तेलुगू मुलूख आठवतो. नाव आपल्या नदीचे आहे, हे त्याला आपणच सांगावे लागते.) ठोकरवाडीला धरण बांधले, खोऱ्यातली भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि नदीचे पाणी बोगद्यातून उलटे पश्चिमेला फिरवून सह्याद्रीच्या कड्यावरून दीड हजार फुटांहून अधिक खाली, कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या वीजघरावर सोडले. १९२२ साली ही वीज सुरू झाली. ती गेली कोठे? मुख्यत्वे मुंबईला, गिरण्यांना.

पाण्यामागून माणसेही गेली. एका पिकाच्या भाताने वर्ष निघत नव्हते, तेव्हा घरातला धाकटा मुलगा कोणाच्या तरी ओळखीने मुंबईस जाई, गावच्या खोलीत वळकटी टाकी आणि मुकादमाच्या दारात उभा राही. ज्या यंत्रापुढे तो उभा राहिला, ते यंत्र कदाचित त्याच्याच खोऱ्याच्या पाण्यावर फिरत असे. आता याच १९२२ सालची दुसरी गोष्ट पाहा. त्याच वर्षी कारखान्यांचा दुरुस्त कायदा अमलात आला. बारा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यावयाचे नाही, आणि बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला सहा तासांहून अधिक काम घ्यावयाचे नाही, असे त्यात ठरले. वीज आणि वेळ एकाच वर्षी आले खरे, पण वीज काही वर्षांच्या बांधकामाने आली आणि सहा तास यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. या चाळीस वर्षांची गोष्ट मला सांगावयाची आहे. मात्र तिचे मूळ गिरणीत नाही. ते पुण्यातल्या एका फुलांच्या मळ्यात आहे.

जोतिराव फुले यांचा जन्म १८२७ चा. मराठी शाळेत चार अक्षरे शिकल्यावर, दुकानातील एका कारकुनाच्या सांगण्यावरून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले. शिकून पोरगा शेतीच्या कामातून जाईल, असे त्या कारकुनाचे म्हणणे. मुलगा मळ्यात खपू लागला. तेराव्या वर्षाच्या सुमारास लग्नही झाले. त्या काळच्या हिशेबाने त्याचे आयुष्य ठरून गेले होते. पण दिवसभर मळ्यात राबून रात्री हा मुलगा पुस्तक घेऊन बसत असे. ही गोष्ट शेजाऱ्यांच्या नजरेस आली. फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ, या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तेथे शिकले.

चरित्रकार हा प्रसंग चार ओळींत आटोपतात आणि पुढच्या मोठ्या कार्याकडे वळतात. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. सात वर्षांचा मुलगा शाळेत जातो तो घरचे पाठवतात म्हणून. चौदा वर्षांचा मुलगा, ज्याने मधली काही वर्षे कुदळ हाणली आहे, तो शाळेत परत जातो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे प्रश्न असतात. आपल्याला काढले का? काढा असे सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा? शेजारच्या मुलाला कोणी का काढले नाही? पुढे १८४७ च्या सुमारास थॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला तो अशा तयार जमिनीत पडला. त्याच वर्गात ते पुस्तक इतरांनीही वाचले असेल. पण मळ्यातून परत आलेल्या मुलाने ते वाचणे वेगळे.

त्यांच्या घरातही हेच घडत होते. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा. त्यांचे शिक्षण लग्नानंतर, सासरी झाले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या तेव्हा त्यांचे वय सतरा. आज आपण सतरा वर्षांच्या मुलीला रस्ता ओलांडताना हात धरतो. याच शाळांपैकी एकीत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. तीन-एक वर्षांच्या शिक्षणावर तिने धर्म आणि न्याय यांविषयी असे सवाल केले, की भल्याभल्या शास्त्र्यांना उत्तर सुचू नये. अक्षरओळख तिला शाळेने दिली. सांगण्यासारखे जे होते ते तिने घरून आणले होते.

त्याच १८५५ साली जोतिराव व सावित्रीबाईंनी आपल्या घरी शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ज्याने स्वतः दिवसा राबून रात्री वाचले होते, त्यालाच ही कल्पना सुचावी, यात नवल नाही. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना त्यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. येथे बारा हा आकडा ध्यानात ठेवा. कारण त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ साली, हिंदुस्थान सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला होता, आणि त्यात सात वर्षांच्या मुलाला कामास योग्य मानले होते! सात ते बारा वर्षांच्या पोराने रोज नऊ तास काम करावे, महिन्याला चार सुट्ट्या मिळाव्या, आणि बारा पुरी झाली की तो मोठा माणूस. त्याच्या तासांना कायद्याची मर्यादा नाही. बाराव्या वर्षापर्यंत पोर शाळेत असावे, असे फुले म्हणत होते. कायद्याच्या लेखी त्याच बाराव्या वर्षी त्याचे बालपण संपत होते.

कित्येकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. मुंबई सरकारने गिरण्यांतील स्थितीची चौकशी करण्यासाठी पहिले कमिशन नेमले तेही १८७५. एकीकडे शिकलेले लोक संध्याकाळच्या गार वाऱ्यात ज्ञानचर्चेला जमू लागले होते, तेव्हा दुसरीकडे सात-आठ वर्षांची पोरे किती वाजता कामाला लागतात आणि किती वाजता सुटतात, याची पहिल्यांदा विचारपूस होत होती. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. अशा व्याख्यानांतूनच माझ्यासारख्यांना पुष्कळ मिळाले आहे. पण दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या आहेत, आणि आपण एकच लक्षात ठेवली.

१८८४ साली दुसरे कमिशन नेमले गेले. या वेळी कामगारांच्या वतीने बोलणारा माणूस उभा राहिला. नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचे घराणे मूळचे खेड तालुक्यातील कनेरसरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. स्वतः ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, सत्यशोधक होते, आणि 'दीनबंधु' पत्र चालवीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस, रविवारची सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे. पगार वेळेवर द्या. अपघात झाला तर भरपाई द्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली होती, आणि तीत दोन कामकरी बायाही बोलल्या होत्या.

त्या अर्जात शाळेचा शब्द नाही, असे मला एका विद्वान गृहस्थांनी एकदा सुनावले. खरे आहे. पण सूर्यास्तानंतर गिरणी बंद, या मागणीचा अर्थ काय होतो? रात्रशाळेचा फळा सूर्यास्तानंतरच भिंतीला लागतो. ज्या पोराची रात्र गिरणीने घेतली आहे, त्याला गुरुजी घरी येऊन फुकट शिकवायला बसले, तरी ते झोपलेल्या पोराला शिकवतील.

पुढे पावले पडली ती अगदी मुंगीच्या गतीने. १८९१ च्या कायद्याने कमीत कमी वय नऊ केले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास ठरवले. मग १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सगळे उलटले. सूर्य मावळला की गिरणी थांबे, ही निसर्गाने घातलेली एकुलती एक मर्यादा होती. दिवा लागला आणि ती गेली. मोठ्या माणसांचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. ज्या दिव्याखाली पोराने पुस्तक उघडावे, तोच दिवा त्याला मागापाशी उभा ठेवू लागला. मी विजेला नावे ठेवीत नाही. आंदर मावळातल्या माणसाने तर विजेला नावे ठेवूच नयेत, त्याने तिची किंमत जमिनीत मोजली आहे. दिवा कोणाच्या हातात, एवढाच प्रश्न असतो.

मुलांचे सात तास तरी पाळले जात होते काय? वयाचा दाखला म्हणजे सर्टिफाइंग सर्जनने पोराला पाहून ठरवलेले वय. जन्मतारीख कोणाच्या घरी लिहिलेली होती? शिवाय एकच पोर सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत, दोन दाखल्यांवर काम करी. अर्धवेळ कामगार अशा रीतीने दोनदा अर्धा होऊन पुरा भरे. आईबाप हे करीत, आणि त्याबद्दल आईबापांना दोष देणारी पुष्कळ भाषणे त्या काळी झाली. त्यांच्या घरची चूल त्या भाषणांनी पेटणार नव्हती. एकाच दिवशी दोन कारखान्यांत मूल राबवण्यास बंदी तर १८८१ च्या कायद्यातच होती.

१९११ साल मात्र दोन कारणांनी मोलाचे. त्या वर्षीच्या कायद्याने कापड गिरण्यांत मुलांचे तास सहावर आणि पुरुषांचे बारावर आणले. आणि त्याच वर्षी मुंबईत ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापली. लीगने गिरणगावात रात्रशाळा चालवल्या, वाचनालये काढली. फिरत्या पेट्यांतून पुस्तके चाळींत नेली. जोशी हे मवाळ माणूस, क्रांतीची भाषा त्यांच्या तोंडी नव्हती, आणि जहालांनी त्यांची थट्टाही पुष्कळ केली. पण १९२० साली आयटक उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत हाच मवाळ माणूस होता. रात्रशाळा आणि युनियन यांचा संबंध असा एका माणसाच्या ठिकाणीही दिसतो. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिलही १९११ चेच. ते नामंजूर झाले.

आता रात्रशाळेने पोराचे होते तरी काय, हे घरच्याच उदाहरणाने सांगतो. माझे वडील १९६० च्या सुमारास पंधरा वर्षांचे असताना आंदर मावळातून मुंबईला गेले. तोवर १९४८ चा कायदा आला होता. त्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला बंदी, आणि पंधरा ते अठरा या वयाला 'किशोर' असे वेगळे नाव होते. वडिलांना त्या नावाची गंधवार्ताही नव्हती. ते बदली कामगार होते. गावच्या खोलीत वीसेक माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांतल्याच एकाने त्यांना हाताला धरून रात्रीच्या वर्गात नेऊन बसवले. गुरुजी दिवसा दुसरीकडे नोकरी करीत आणि रात्री शिकवायला येत. त्यांनी पहिल्या आठवड्यात ग म भ न शिकवले नाही. "पगाराची पावती घेऊन या," म्हणाले. फळ्यावर पावतीच काढली. हजेरी कोठे, दर कोठे, कपात कोठे.

दुसऱ्या महिन्यात वडिलांना पावतीत दोन खाडे जास्त दिसले. त्यांनी बोटावर मोजले, खोलीतल्या माणसांना विचारले, आणि हजेरीच्या खिडकीपाशी गेले. बाबूने विचारले, "काय रे पोरा, काय पाहिजे?"

"साहेब, पावतीत दोन खाडे लागलेत. मी कामावर होतो."

"तुला वाचता कधीपासून यायला लागलं?"

"आषाढापासून, साहेब."

बाबू हसला. पैसे त्या महिन्यात मिळाले नाहीत, पुढच्या महिन्यात मिळाले, आणि तेही युनियनच्या प्रतिनिधीने विचारल्यावर. वडील म्हणत, पैशापेक्षा त्या खिडकीशी उभे राहून पाय लटपटले नाहीत, याचेच त्यांना आश्चर्य वाटले होते. अक्षरज्ञानाने पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्यांशी ते कधी वाद घालीत नसत. पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली ती पावती काढून दाखवीत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील गावी परत आले ते कायमचे. मी तेव्हा बारा वर्षांचा. सोळाव्या वर्षी मी एका कारखान्यात लागलो, तेथे माझे वय अठरा लिहून घेतले गेले. कारखान्याचे नाव घेत नाही, त्याचे आता प्रयोजनही नाही. पण पुढे जुन्या कायद्यांविषयी वाचताना ती दोन दाखल्यांची पोरे भेटली, तेव्हा आपण त्यांच्याच रांगेत उभे होतो हे कळले. शाळा सुटली ती सुटलीच. नंतर जे वाचले ते पाळी संपल्यावर, तालुक्याच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून.

या विषयावर बोलताना अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांची नावे हटकून निघतात, आणि निघालीच पाहिजेत. अण्णा भाऊंचा जन्म १९२० चा, वाटेगावचा. शाळेशी संबंध नावापुरताच. कोवळ्या वयात वाटेगावाहून पायी चालत मुंबईला आले, पडेल ते काम केले, आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचीत अक्षरे जुळवली. 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. सुर्व्यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवले. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे पालक कोकणात गेले आणि हा मुलगा मुंबईत एकटा राहिला. नाना कामे करीत तो वाढला, शाळेत शिपाई झाला, नंतर परीक्षा देऊन शिक्षक झाला. १९६६ साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह आला.

परंतु या दोघांची उदाहरणे देण्याची जी रीत पडली आहे, ती मला पसंत नाही. पाहा, शाळेवाचून माणूस केवढा मोठा झाला, असे सांगून लोक टाळ्या घेतात. जणू उपासमार ही प्रतिभेची खत-माती आहे! त्यांच्याबरोबर त्याच चाळींत, त्याच फूटपाथवर जी हजारो पोरे वाढली, ती कोठे आहेत? त्यांच्यातही गळा होता, डोके होते. बारा तासांनी ते खाऊन टाकले. या दोघांभोवती जे होते तेही सांगितले पाहिजे. माटुंग्याच्या लेबर कँपातली माणसे, पक्षाचे अभ्यासवर्ग, कलापथके, युनियनच्या सभा. तीही एक रात्रशाळाच होती, तिला पाटी नव्हती एवढेच.

मुलींच्या वाट्याला तर तीही आली नाही. गिरणीत बाया होत्या, रिळांवर सूत गुंडाळण्याच्या खात्यांत मोठ्या संख्येने होत्या. पण भोंगा झाल्यावर पोरगा रात्रशाळेत जाई आणि पोरगी चुलीपाशी. सावित्रीबाई आणि मुक्ता यांच्या पुण्यात १८५५ साली जे जमले होते, ते गिरणगावाला पुढे फारसे जमले नाही. आमच्या युनियनांनाही जमले नाही. कामाचे तास कमी झाले तेव्हा ते पुरुषांसाठी रिकामे झाले. बाईचे दुसरे काम सुरू झाले.

गिरण्या गेल्या. मुंबईच्या रात्रशाळांत आता हॉटेलांत आणि दुकानांत काम करणारी मुले अधिक दिसतात. आंदर मावळातल्या पोराला मुंबईला जाण्याची गरज उरली नाही. टाकवे, तळेगाव, चाकण येथे कारखाने आले आहेत, आणि खांडी-सावळ्याकडची मुले पहाटे मोटारसायकलवरून पाळीला जातात. बहुतेकांजवळ दहावी-बारावीचा दाखला आहे, काहींजवळ आयटीआयचा. वाचता सगळ्यांना येते. तरी कंत्राटदाराच्या कागदावर सही करताना ती वाचीत नाहीत, कारण पाठीमागे वीस जण उभे असतात आणि वाचणाऱ्याला बाजूला व्हायला सांगतात. १८८४ साली मागितलेला विसावा त्या रांगेत नसतो.

आमच्या कचेरीत रविवारी सकाळी आम्ही अशा मुलांना बोलावतो. पहिल्या दिवशी पुस्तक नसते. प्रत्येकाने आपली पगाराची पावती आणावयाची. आता ती मोबाइलमध्ये असते. गेल्या पावसाळ्यात अकरा मुले आणि दोन मुली आल्या. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कोठे जमा होते हे शोधण्यात आमचे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्या दोघींपैकी एकीने विचारले, हे किती तासांचे पैसे आहेत ते पावतीत का लिहीत नाहीत? त्या दिवशी मी फळ्यावर १८८१ असे साल लिहिले आणि तेथून सुरुवात केली.